मोठी टाकी

मल्लेश्वरमच्या तरणतलावावर दर रविवारी माझ्याबरोबर स्कूबा शिकायला एक अक्का येतात. अंगाने अगदी चिमणीएवढ्या. शिकवणारा हवेची छोटी टाकी पुढे करायचा, पण यांचं ठरलेलं, "मोठीच दे अण्णा." चालताना ती मांड्यांवर आपटायची, आणि परत देताना निम्मी हवा तशीच उरलेली असायची.

"अक्का, छोटी पुरली असती की," मी म्हणायचो.

"इथं पुरते हो. समुद्रात पुरायला नको?" समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. मी रत्नागिरीचा, म्हणून लाटांचा आवाज घरात येतो का, हे मलाच विचारायच्या.

गेल्या रविवारी त्यांनी आपणहून छोटी उचलली. मी मोठी त्यांच्याकडे सरकवली. तिच्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "राहू द्या. समुद्राचं आता काही जमत नाही. इथल्या पाण्याला छोटीच बरी."