खालची हवा

"खालची हवा वर येत नाही ना गं?"

शोरूममध्ये फ्रीजची वरची-खालची दोन्ही दारं उघडून ऋजुताने मला विचारलं. सेल्समन शेजारी उभा होता, मुग्धा जरा मागे. मी उत्तर दिलं. दोन्ही कप्पे गार करणारी यंत्रणा वेगळी आहे, पंखे वेगळे आहेत, वरची हवा वर फिरते, खालची खाली. मिसळत नाही. हातवारे करून, नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, ती वासाबद्दल विचारते आहे.

ती माझ्याबद्दल विचारत होती.

हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या थोड्या वेळाची किळस अजून गेलेली नाही. ऋजुताची येते, आणि माझी स्वतःचीही येते.

मी परभणीकडची. डिप्लोमा करून चेन्नईला आले. श्रीपेरुंबुदूरला फ्रीजच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. सकाळी पोरूरच्या नाक्यावरून कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर फ्रीजची दारं तपासायची. दार लावताना कागदाची पट्टी मध्ये धरायची आणि ओढायची. पट्टी सुळकन निघाली तर दाराचं रबर सैल. घट्ट बसली तर फ्रीज पुढे. असे किती फ्रीज माझ्या हाताखालून गेले असतील. माझ्या गावच्या घरात मात्र आजही फ्रीज नाही.

लहानपणी आमच्या बाजूला फक्त एका गुरुजींकडे फ्रीज होता. आईचा हात एकदा भाकरीच्या तव्यावर चांगलाच भाजला. मी धावत बर्फ मागायला गेले. गुरुजींची बायको चांगली होती, नाही म्हणाली नाही. ओट्यावर उभी राहिली आणि मला खाली अंगणात ओंजळ धरायला सांगितलं. वरून बर्फ टाकला. दोन खडे हातात पडले, बाकीचे मातीत. मी मातीतले उचलले, फ्रॉकला पुसले आणि पळत सुटले. घरी पोचेपर्यंत ओंजळीत पाणी राहिलं होतं. आई म्हणाली, "दिला ना त्यांनी, बास झालं." मलाही तेव्हा बास वाटलं. इतकी वर्षं मी त्या बाईला चांगलीच म्हणत आले.

पोरूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. ऋजुता पुण्याची, अंबत्तूरला आयटीत. मुग्धा नाशिकची, तिच्याच ऑफिसात. मराठी बोलायला मिळतं म्हणून एकत्र आलो. पहिले सहा-सात महिने छान गेले. मी लावलेलं दही तिघी खायचो. ऋजुता तर म्हणायची, "तुझ्या हाताला चव आहे बाई." माझ्या आडनावावरून काही कळत नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये मी माझ्या पलंगाच्या वर तसबीर लावली. निळा कोट, डोळ्यांवर चष्मा. हार घातला, मेणबत्ती लावली, दोघींना खीर दिली. दोघींनी वाट्या घेतल्या, हसल्या. ऋजुता म्हणाली, "अगं, आधी बोलली नाहीस. आम्ही असलं काही मानत नाही हं." खीर दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात दिसली. मुंग्या लागल्या होत्या, असं मुग्धा म्हणाली. मी मानून घेतलं.

मग दह्याचं काय झालं कुणास ठाऊक, ते कुणी खाईना. त्यानंतर माझं इडलीचं पीठ. कोपऱ्यावरच्या दुकानात एकच मोठं पातेलं असतं, तिघी त्यातलंच पीठ घ्यायचो. त्यांचा डबा फळीवर आणि माझा सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. मी ती गाठ कधी मारली नव्हती. विचारलं तर ऋजुता म्हणाली, "आपापलं वेगळं ठेवू या ना. हायजिनिक असतं." आणि मी काय केलं? बाजारात जाऊन स्वतःसाठी वेगळे डबे आणले. झाकणं चांगली घट्ट बसतात की नाही तेही तपासून आणलं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा.

जुलैत घरमालकाचा जुना फ्रीज बंद पडला. दुकानात आडीची, म्हणजे इथल्या तमिळ आषाढाची, सूट लागली होती. ऋजुता म्हणाली, "तू फ्रीजवाली. तूच निवडून दे." मला किती आनंद झाला. दोन रात्री मी मॉडेलं बघत बसले. कुठला कमी वीज खातो, कुठल्याची सर्व्हिस चांगली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता सगळं पहिल्यासारखं होईल. तिघींचा फ्रीज, माझ्या पसंतीचा.

दुकानात तोबा गर्दी. मी पर्समधून कागदाची पट्टी काढली, दोन-चार दारांना लावून बघितली. सेल्समन माझ्याकडे बघून हसला. "मॅडम कंपनी आळा?" त्याने विचारलं. कंपनीचं माणूस का? मी मान हलवली. मला अभिमान वाटत होता. दोन दारांचा एक फ्रीज मला पसंत पडला. पण ऋजुताने दुसराच धरून ठेवला होता. खाली फ्रीझर, आणि बटण दाबलं की त्या फ्रीझरचाही साधा फ्रीज होतो, असा. ती म्हणाली, "हा घेऊ. खालचं कायम फ्रीजवरच ठेवू."

मी म्हणाले, "मग बर्फ कुठे करायचा?"

"बर्फ नको आपल्याला."

चेन्नईत राहून बर्फ नको. हीच ऋजुता ऑफिसातून आली की आधी बर्फाचा ट्रे आपटायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कागदाच्या पट्टीत गुंग. मग तिने हवेचं विचारलं, आणि मी ते व्याख्यान दिलं.

सेल्समनला हा प्रश्न नवा नव्हता. तो लगेच म्हणाला, "वेज-नॉनवेज सेपरेटा, मॅडम?"

"नो नो," ऋजुता म्हणाली, "वी ऑल ईट नॉनव्हेज."

खरंच होतं. दर रविवारी ती बिर्याणी मागवते आणि उरलेली वरच्या फळीवर ठेवते. त्या घरात मटण-मासे सगळ्यात कमी मीच खाते.

सेल्समन गोंधळला. त्याने सरळ विचारलं, "अप्पुरम एदुक्कु?" म्हणजे मग कशासाठी?

ऋजुता फ्रीजच्या आतल्या दिव्याकडे बघायला लागली. मुग्धा फरशीकडे. तेव्हा मला सगळं कळलं. पिशवीची गाठ, दही, खीर, बर्फ, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मला घेऊन आल्या होत्या ते माझ्यापासूनच त्यांना धोका नाही, याची खात्री करून घ्यायला. आणि ती खात्री मी दिली होती. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझी कागदाची पट्टी, सगळं त्यांच्या विटाळाच्या कामाला लावलं होतं. त्या नव्या फ्रीजच्या प्लास्टिकचा वास मला सहन होईना.

सेल्समन अजून उत्तराची वाट बघत होता. मी त्याला उत्तर दिलं. माझी तमिळ लाइनवरच्या बायकांकडून शिकलेली, मोडकीतोडकी. पण हे वाक्य मोडकं नव्हतं.

"नान एस्सी. अदान." मी एस्सी आहे. म्हणून.

तो चपापला. त्याने आजूबाजूला बघितलं. हळूच म्हणाला, "मॅडम, मेदुवा." हळू बोला.

"मेदुवा कशाला?" मी मराठीतच म्हणाले, ऋजुताकडे बघून. "तुला तमिळ येत नाही, म्हणून तुला पुन्हा सांगते. मी काय आहे ते मी त्याला सांगितलं. वेगळा कप्पा कशाला हवा, ते तू सांग त्याला."

"अगं, तू किती पर्सनली घेतेस," ऋजुता म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत."

मुग्धा माझा हात धरायला आली. मी हात काढून घेतला. सेल्समनला म्हणाले, "सिंगल डोअर काट्टुंगा." त्याने मुकाट्याने एका दाराचा फ्रीज दाखवला. साधा. आत वरच्या बाजूला लहानसा बर्फाचा कप्पा, सगळी हवा एकच. मी पट्टी लावली. घट्ट बसली. हप्त्यावर घेतला, एकटीच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी तो तिघींच्या स्वयंपाकघरात ठेवला. घर सोडून जाईन असं त्यांना वाटलं होतं. भाडेकरारावर माझीही सही आहे. मी कुठे जाणार नाही. ऋजुताने आठवड्याच्या आत आपल्या खोलीत एक छोटा फ्रीज आणला आणि त्यात मुग्धाचंही ठेवायला लागली.

परवा दुपारी वीज जाऊन येत होती, उकाडा मरणाचा. ऋजुताच्या फ्रीजमधलं पाणी कोमट झालं होतं. मी स्वयंपाकघरात होते, मुग्धा आली. हातात रिकामा ग्लास.

"बर्फ आहे का गं?"

"आहे. घे की."

ती फ्रीजपाशी गेली, थांबली. दाराला हात लावला नाही. वळून ग्लास माझ्यापुढे धरला. "तूच टाक ना दोन खडे."

मी तिच्या ग्लासाकडे बघितलं. मला अंगणातली माझी ओंजळ दिसली. ट्रे काढून दोन खडे टाकणं कितीसं अवघड होतं. टाकले असते तर ती मला चांगली म्हणाली असती, सगळं गोडीगुलाबीत मिटलंही असतं.

"दार उघड," मी म्हणाले. "ट्रे आत आहे. हात घाल आणि घे."

"अगं, माझं तसं काही नाही..."

"मग घाल हात. आणि त्या दिवशी गप्प का होतीस तेही सांग."

तिने ग्लास ओट्यावर ठेवला आणि बाहेरच्या बेसिनवर ओंजळीने नळाचं पाणी प्यायला गेली. मी तिला परत बोलावलं नाही. ग्लास तिथेच आहे, मी तो उचलणार नाही. माझा बर्फ कुणाला नाकारणार नाही, पण मी तो वरून कुणाला टाकणार नाही. ज्याला हवा त्याने माझं दार उघडावं आणि माझ्या ट्रेमध्ये आपला हात घालावा. तोवर तहानलेलं राहावं.