वरवंट्याचा टवका

माझी धाकटी नात सोमवारी दुपारच्या गाडीनं हिंगोलीहून आली आणि पिशवी ओसरीवर टाकून पहिलं वाक्य बोलली, "आजी, ह्या आठवड्यात मला कुणी गोड खाऊ घालायचं न्हाई."

मी म्हटलं, "बरं. पर आठवडा कोणता हाय, ते पाह्यलंस का?"

आठवडा वैशाखातला. बुधवारी अक्षय तृतीया, गुरुवारी भावकीतलं लग्न आणि शुक्रवारी आमच्याच घरी बारसं. थोरली नात बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या पोराला पाळण्यात घालायचं होतं. म्हणजे मी पणजी झाले होते, आणि त्याचा तोरा मी आठ-दहा दिवस गावभर मिरवूनही घेतला होता. हे सगळं उरकलं की रविवारी सकाळी हिंगोलीला धाकटीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी, आणि ती पाहायला मीही जाणार होते. पळायचं आणि गोळा फेकायचा.

तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, आधीच सांगून ठेवलं होतं, "दोन खेपा झाल्या. ही तिसरी. ह्या बारीला नाव लागलं तर लागलं, न्हाई तर पुन्हा मैदानाचं नाव काढायचं न्हाई. मग मी दाखवीन त्या पोराला व्हय म्हणायचं." लेक माझा वाईट नाही. पण कुरुंद्याच्या बाजारात गेला की त्याला कुणी ना कुणी विचारायचंच, "पोरगी पळूनच राहिली का अजून?" विचारणारे हसायचे, आणि हा घरी येऊन हळदीच्या ढिगाजवळ मुक्यानं बसायचा.

मंगळवारी पहाटे धाकटी कालव्याच्या वाटेनं पळायला निघाली. मीही मागं गेले. मला तिनं मोबाइल हातात दिला आणि सांगितलं, मी त्या बाभळीला हात लावून परत आले की इथं बोट ठेव. ती आली, मी बोट ठेवलं, तर तिची वेळ कुठंच दिसेना. माझ्याच नाकाचा फोटो निघाला होता. "ऱ्हाऊ दे आजी," ती धापा टाकत म्हणाली, "तू नुस्ती बस."

तिला पळताना पाहून मला माझीच लाज वाटत होती. आत्ताची नाही, पन्नास वर्षांपूर्वीची. मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा माझी पक्की समजूत होती, की हळू चालणारी बाई खानदानी दिसते. कुणी शिकवलं नव्हतं, माझ्याच डोक्यातलं खूळ. विहिरीवरून एक घागर आणायला मी एवढा वेळ लावायची, की घरात माणसं तहानेनं बसलेली असायची. एकदा नवऱ्यासोबत औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले. तो पुढं जाऊन गाडीत चढला, टॉवेल टाकून माझी जागा धरली. गाडी हलली. दहा पावलं पळाले असते तर चढले असते. पण महाराणी पळतील कशा? मी पदर सावरत तशीच डुलत राहिले आणि गाडी माझ्यासमोरून निघून गेली. नवरा एकटाच देव पाहून आला. मला म्हणाला, "तुझा नमस्कार देवाला सांगितला." अशी ती बया. आज भेटली तर दोन धपाटे घालीन तिला.

पळणं झालं, पण गोळ्याचं काय? हिंगोलीत ती सराव करते त्या मैदानावर लोखंडी गोळा असतो. इथं गावात कुठला? धाकटी अंगणात दगड उचलून पाहू लागली, एक हलका तर एक वेडावाकडा. मी आत गेले आणि पाट्यावरचा वरवंटा आणून तिच्या हातात दिला. माझ्या सासूच्या सासूपासूनचा, काळा, तुळतुळीत. हळद मोजायच्या काट्यावर ठेवला तर चार किलोला थोडासाच कमी. "बराबर!" ती म्हणाली आणि मग घाबरून, "पर आजी, ह्याच्यावर वाटण करता ना तुमी?"

"मिक्सर आल्यापासून ह्याला तरी काय काम हाय? जरा हिंडून येऊ दे."

गोठ्याच्या मागं नांगरलेलं रान होतं. मऊ मातीत ती वरवंटा फेकायची, मी पळत... बरं, पळत नाही, चालत जाऊन आणायची, धुवायची आणि सून उठायच्या आत पाट्यावर ठेवून द्यायची. सुनेनं एकदा पाहिलं आणि ती आपल्या कामाला लागली. तिला लग्नाघरच्या शेवया करायच्या होत्या.

खाण्याचं मी माझ्याकडं घेतलं. "प्रोटीन पाहिजे" असं धाकटी म्हणाली, तेव्हा मी मटकी भिजत घातली. सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी भाकरी, मोड आलेली मटकी, कच्चा कांदा आणि ताक. अंडी मात्र गोठ्यातल्या तीन दगडांच्या चुलीवर उकडायची, कारण सून माळकरी. अक्षय तृतीयेला पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला. धाकटी ताटासमोर भाकरी घेऊन अशी बसली, की जणू तिलाच उपवास. "एक पोळी खाल्ल्यानं काय होतं?" असं घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारलं. त्यांची तोंडं बंद करायला मी तिच्या वाटणीच्या दोन पोळ्या खाल्ल्या. आजीनं नातीसाठी एवढंही करू नये का?

आता गुरुवारची पहाट. हे लिहिताना मला अजून हसू येतं, पण त्या दिवशी घाम फुटला होता. धाकटी कालव्याकडं गेली होती. वरवंटा मी गोठ्यामागच्या हौदाजवळ आणून ठेवला होता आणि मी एकटी होते. मी पदर खोचला. ती करते तसा वरवंटा गळ्याशी धरला, गुडघा वाकवला, गुडघा काय म्हणाला ते ऐकलं नाही, आणि दिला फेकून.

तो रानाकडं गेलाच नाही. हौदाच्या कडेवर आपटला. टण्ण! चिंचोक्याएवढा टवका उडाला.

मी टवका उचलून चंचीत टाकला, सुपारीसोबत. वरवंटा घरात नेऊन फुटकी बाजू भिंतीकडं करून ठेवला. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. दिवसभर लग्नात मिरवले, नवरीच्या हळदीला बोटं लावली. एवढ्या वयाच्या, सात बारशी पाहिलेल्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. आणि बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात कोण जातं? वरवंटा! त्याला गोप्या म्हणायचं, टोपडं घालायचं, बायांनी पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचा, आणि मग खऱ्या बाळाची पाळी.

शुक्रवारी संध्याकाळी अंगण भरलं. घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरलं होतं, आणि धाकटी खूश होती, कारण गूळ न घातलेले उकडलेले हरभरे म्हणजे आठवड्यातला तिला चालणारा पहिलाच सणाचा पदार्थ. पुसेगावहून थोरलीची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, आल्या होत्या. दांडग्या आवाजाची, सरळ बाई. त्या म्हणाल्या, "गोप्याला मी नटवते." त्यांनी वरवंटा मांडीवर घेतला, हळदीकुंकू लावलं, टोपडं घालायला फिरवला आणि त्यांचं बोट थांबलं.

"अवं, हा तर फुटका हाय."

सगळ्या बाया वाकून पाहू लागल्या. फुटका गोप्या पाळण्यात घालत नाहीत. आणि पाहुण्यांच्या नातवाच्या पाळण्यात तर नाहीच नाही.

सून बावरली आणि खरं ते बोलून गेली, "ही पहाटे घेऊन जाती तो फेकायला."

सगळ्या माना धाकटीकडं वळल्या. माझा लेक दारातून पुढं आला. पाहुण्यांसमोर मान खाली गेली की माणूस फार लवकर चिडतो. तो म्हणाला, "बस झालं. रविवारी कुठं जायचं न्हाई. घरातला देव फोडून राहिली, उद्या काय करशील?"

धाकटीनं वरवंट्याकडं पाहिलं. बुधवारपर्यंत तो धड होता, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर लग्न-बारशाच्या गडबडीत तिनं तो हातातही घेतला नव्हता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. फक्त एकदा. आणि तिनं मान खाली घातली. 

मला त्या क्षणी शेळी आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या हातून सासूची लोणच्याची बरणी फुटली होती. त्या खानदानी महाराणीनं काय करावं? दावणीची शेळी सोडून स्वयंपाकघरात आणून उभी केली आणि ओरडली, "शेळीनं फोडली!" सासूनं विश्वास ठेवला. पुढच्याच बाजारी शेळी विकायला गेली. दोरी ओढताना तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं. मी मात्र दाराआड उभी राहून, पदर तोंडाला लावून, बरणीसाठी रडल्याचं नाटक केलं. सासूबाई म्हणाल्या, "किती जीव लावती घराला." ते कौतुक मी घेतलंसुद्धा.

मी उठले. चंची सोडली, सुपारीतून टवका काढला आणि विहीणबाईंच्या समोर पाटावर ठेवला.

"मी फोडला."

लेक म्हणाला, "माय, तू हिला पाठीशी घालू नको."

"पाठीशी घालायला टवका माझ्या चंचीत आला कसा? हिला वरवंटा दिला मी. काल सकाळी फेकला मी. हौदावर आपटला. ही तव्हा कालव्यावर होती."

"तू? काहून?"

"पाह्यलं, किती लांब जातो ते."

 विहीणबाईंनी टवका बोटात धरला, वरवंट्याला लावून पाहिला. बरोबर बसला. मग त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई नातू उचलून पुसेगावला निघते.

त्यांनी विचारलं, "मग? किती लांब गेला?"

"अडीच हात."

"बस? एवढ्या मोठ्या गप्पा अन् अडीच हात?" आणि विहीणबाई हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सगळं अंगण हसलं, बाळ जागं होऊन रडलं, थोरली त्याला थोपटता थोपटता हसली. विहीणबाईंनी टोपडं उचललं आणि टवक्यावर ओढून बसवलं. "फुटका कुठला? दात पडलाय त्याचा. पणजीवर गेला. घ्या गं, धरा गोप्या!"

बारसं झालं. पण लेक अजून दारात तसाच होता. मी त्याच्याजवळ गेले.

"देव मी फोडला. सजा मला दे. रविवारी मी हिंगोलीला येत न्हाई, घरी बसते. ती जाईल."

"माय, तू लहान लेकरावानी..."

"व्हय. लहानपणी जमलं न्हाई, आता करते."

तो वळला. घुगऱ्यांची वाटी घेऊन ओसरीवर बसला आणि एकेक हरभरा मोजल्यासारखा खात राहिला. शनिवारी दिवसभर तो हळदीच्या ढिगाजवळ बसून होता. पण रविवारी पहाटे मी उठले तर त्यानं मोटारसायकल अंगणात काढली होती आणि मागच्या सीटवर गोणपाटाची घडी टाकली होती, पोरीला खड्डे लागू नयेत म्हणून. निघताना एवढंच म्हणाला, "ही शेवटची बारी. सांगितलंय मी."

मी सजा पाळली. दिवसभर घरी बसले. बसले म्हणजे ओसरी ते फाटक अशा किती चकरा मारल्या, ते सून सांगेल. तिनं पिठलं-भाकरी केली आणि झाकून ठेवली. कुणीच जेवलं नाही.

दुपार कलल्यावर मोटारसायकल आली. धाकटीचं तोंड उन्हानं करपलेलं, ओठ फुटलेले. मी विचारायच्या आतच ती ओसरीवर बसकण मारून सांगू लागली. पळणं चांगलं झालं, आजवरचं सगळ्यात चांगलं. गोळ्याची पहिली फेक वाया गेली. दुसरी बरी.

"अन् तिसऱ्या फेकीला, आजी, मी गोळा गळ्याशी धरून उभी होते. तेवढ्यात जाळीच्या बाहेरून आवाज आला. बाबा ओरडले. सगळ्या लोकांत. 'अडीच हाताच्या पुढं फेक गं!'"

"मग?"

"हसू आलं मला. हसत हसतच फेकला. एवढा लांब माझा कधीच गेला नव्हता."

मी लेकाकडं पाहिलं. तो दुसरीकडं पाहत मोटारसायकलची पिशवी सोडत होता, कान लाल झालेले. "यादी लागायला वेळ हाय," तो म्हणाला. "लागंल का न्हाई ते आताच सांगता येत न्हाई. पोरी लई तयारीच्या होत्या."

"अन् न्हाई लागली तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण जीभ माझीच.

त्यानं पिशवीतून गमज्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि ओसरीवर ठेवलं. फरशीवर जडसा आवाज झाला. गमजा सुटला. लोखंडी गोळा होता, नवाकोरा, तेलाचा वास येणारा.

"हे काय रे?"

"तुझा काई भरोसा न्हाई, माय," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "यादी लागली तर ठीक. न्हाई लागली तर हिला पुढच्या बारीपर्यंत लागंलच. वरवंटा राहू दे पाट्यावर."

पुढची बारी. हे दोन शब्द त्यानंच उच्चारले, हे त्याच्याही ध्यानात आलं नसावं. धाकटीच्या आलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि पुरणपोळीसारखा आनंदानं खाल्ला.

सगळे जेवायला आत गेल्यावर मी गोळा हळूच दोन्ही हातांनी उचलला. वरवंट्यापेक्षा गार लागत होता, हातात छान बसत होता. मी पदर खोचला.

आतून सून ओरडली, "आत्याबाई, ठेवा तो खाली!"