बर्फासाठी घेतलेली फटफटी

किस्से काही जमवायला जावं लागत नाही. गुरांच्या दवाखान्यात नोकरी करा, ते आपण होऊन चालत येतात. बैल मुका, त्यामुळे तो आपलं दुखणं सांगत नाही. मालकाला तोंड असतं, पण तो बैलाचं सोडून बाकी सगळं सांगतो. तळोद्याच्या दवाखान्यात मी किती जनावरं बरी केली याचा हिशेब कुठल्यातरी सरकारी कपाटात असेल. किस्से मात्र माझ्यापाशी आहेत, आणि त्यातले अर्धेअधिक एकट्या फटफटीचे!

फटफटी का घेतली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल डॉक्टरला मिजास आली होती. साठ सालच्या आगेमागे आमच्याकडे बुळकांडीचा रोग यायचा. पाच-सहा दिवसांत गोठाच्या गोठा रिकामा. त्यावर लस होती, पण ती बर्फात ठेवावी लागे. बर्फ यायचा सुरतेहून, रेल्वेने, लाकडाच्या भुशात गुंडाळून नंदुरबारला. तिथून तापी ओलांडून तळोदा, आणि पुढे तट्टावरून सातपुड्यात.

एका उन्हाळ्यात मी तट्टावरून वरच्या एका पाड्यावर पोचलो, थर्मास उघडला, तर आत कोमट पाणी. लस तिथेच ओतून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्या पाड्यावर नांगराला एक बैल उरला नव्हता. मला ते फार लागलं. तट्टाचा दोष नव्हता, पण परत आल्यावर मी ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याआधी बर्फापेक्षा वेगाने पळणारं काहीतरी घ्यायचं.

*

फटफटी मी घेतली सारंगखेड्याच्या यात्रेत. हो, घोड्यांच्या बाजारात! एका जंगल ठेकेदाराने ती लष्कराच्या लिलावात उचलली होती आणि आता दोन घोड्यांच्या मधे उभी करून विकायला ठेवली होती. हिरवा रंग, रुंद टायर, दगडधोंड्यांतून जायला केलेली. मी बघताक्षणी खुळावलो.

माझे वडील, आप्पा, ब्राह्मणपुरीहून मुद्दाम आले होते. उभा जन्म घोडी पारखण्यात गेलेला. त्यांनी फटफटीला एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिला, सीटवर थाप मारली आणि ठेकेदाराला म्हणाले, "घोडं ऱ्हावो का फटफटी, पहिले खोड सांग."

बाजाराची रीतच होती ती. खोड लपवून विकलेलं जनावर परत घ्यावं लागे.

"गरम व्हयनी का रुसस," ठेकेदार म्हणाला. "बाकी गाय शे, गाय!"

"येन्हावरथीन आजपावत कितला पडनात?"

"दोनच."

"कोठे शेतस त्या?"

ठेकेदाराने धोतर वर करून गुडघा दाखवला. "एक मी."

"आन दुसरा?"

सौद्याचा दलाल उपरण्याखाली बोटांनी भाव ठरवायला मघापासून डावा हात पुढे करत होता. उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता. त्याने हळूच मान खाली घातली!

"माणूस खरा शे," आप्पा मला म्हणाले. "लई ले फटफटी."

*

फटफटी चालू कशी करायची ते ठेकेदाराने शिकवलं. थांबवायचं कसं, ते विचारायचं मीच विसरलो. शिवाय एकदा बंद पडली की वीस-वीस किका माराव्या लागत, त्यामुळे चालू झालेली फटफटी थांबवायला जीव धजत नसे.

त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाभोवती मी सराव करत होतो. तेवढ्यात एक शेतकरी बैल घेऊन आला.

"साहेब, बैल चारा खात नही!"

"कधीपासून?" मी ओरडलो आणि लिंबामागे गेलो.

पुढच्या फेरीला उत्तर आलं, "परवदिनथीन!"

"रवंथ करतो का?"

त्याच्या पुढच्या फेरीला, "नही!"

एका फेरीत शेणाची चौकशी झाली, एकीत पाण्याची. सातव्या फेरीला मी आमचा शिपाई वामन याला ओरडून सांगितलं, "पोट गच्च आहे! मोठ्या बरणीतली पुडी दे, गुळातून!" वामनने दिली. आठव्या फेरीला पेट्रोल संपलं आणि मी थांबलो.

बैल दुसऱ्याच दिवशी वैरणीला लागला.

पुढच्या बाजाराला दुसरा एक शेतकरी आला. फटफटी मी छपरात ठेवली होती. बैल नीट तपासला, पोट दाबून पाहिलं, स्वतःच्या हाताने औषध पाजलं. हा मनुष्य जाईचना.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"औषध ते भेटनं, साहेब. पन फेरा कवय मारशात?"

मारले मी! बैल बरा व्हायला हवा होता ना!

*

तापीवर आमच्या वाटेला तेव्हा पूल नव्हता. नंदुरबारहून बर्फ घेऊन यायचं तर फटफटी नावेतून आणावी लागे. पहिल्याच खेपेला नावाडी काठावर आडवा आला.

"जनावर नावमा चढावनं व्हई ते पहिले डोळा बांधा."

"अरे बाबा, हाई लोखंड शे!" मी म्हटलं.

"लोखंड ऱ्हावो. डोळा बांधा."

मी हसलो आणि फटफटी तशीच चढवली. नावेत एका व्यापाऱ्याची घोडी होती, तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं. निम्मी नदी गेली आणि वाऱ्याने ते फडकं सरकलं. नेमकं त्याच वेळी सकाळचं ऊन फटफटीच्या दिव्याच्या काचेवर पडलं आणि तिथून लख्खकन घोडीच्या डोळ्यांत गेलं!

घोडीने सरळ तापीत उडी घेतली. नाव अशी कलंडली की मी बर्फाची पेटी पोटाशी धरली, वामनने फटफटीला मिठी मारली आणि व्यापाऱ्याने देवाचं नाव घेतलं. घोडी पोहत आमच्याआधी पैलतीरावर जाऊन उभी राहिली. बर्फ वाचला, हे महत्त्वाचं.

नावाड्याने वल्हं काही थांबवलं नाही. एवढंच म्हणाला, "मी काय सांगी ऱ्हायंतू?"

त्यानंतर दर खेपेला मी दिव्यावर गोणपाट बांधत असे. न सांगता!

*

काळ्या मातीतली वाट तुम्हाला ठाऊक आहे का? पावसाळ्यात बैलगाड्या जातात, चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळ्यात त्या दगडासारख्या कडक होतात. फटफटीचं चाक अशा चाकोरीत पडलं की हँडल आपल्या हातात राहतं ते नावाला. चाकोरी नेईल तिकडे जायचं!

तापीकाठच्या एका गावाला जाताना मी असाच चाकोरीत पडलो आणि थेट दगाबापू पाटलांच्या अंगणात जाऊन थांबलो. दगाबापू म्हणजे केळीचे बागायतदार, आमच्याच नात्यागोत्यातले. त्यांनी चहा दिला. चहा त्यांच्या थोरल्या मुलीने, सुमनने आणला. चार दिवसांनी मी पुन्हा त्याच चाकोरीत पडलो. पुन्हा चहा. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा मी खजील होऊन बापूंना चाकोरीची सगळी हकिगत सांगितली. बिचाऱ्यांना फार वाईट वाटलं.

चौथ्यांदा मी अंगणात शिरलो तेव्हा बापू शेतावर होते. दारात सुमन होती.

"चाकोरी..." मी सुरुवात केली.

"चाकोरी ते बापूनी कालदिन वखर फिराडीसन बुजी टाकी," ती म्हणाली. "मंग आज कशा उनात?"

मी कसा आलो, याचं उत्तर मी आप्पांवर सोपवलं. पुढच्या आठवड्यात आप्पांनी बैलगाडी जुंपली आणि तिकडे जाऊन ते उत्तर देऊन आले.

*

सपाटीवर माझा हात बसला, पण खरी परीक्षा चांदसैलीच्या घाटाची. तिथे तेव्हा धड रस्ता नव्हता, सुट्या दगडांची वाट होती. चढ आला की पुढचं चाक उचलायचं, म्हणून वामनला मागून उतरवावं लागे. तो उतरायचा, पायवाटेने सरळ वर चढायचा आणि माथ्यावर विडी ओढत बसायचा. मी मागून धापा टाकत यायचो. हो, फटफटीवर बसून धापा!

धुळ्याहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी वामनला विचारलं, "काय रे, मोटारसायकलमुळे वेळ किती वाचतो?"

"साहेब, मी पहिले पोचस, मंग डॉक्टरसाहेब येतस," वामन म्हणाला. "मन्हा अर्धा तास जास वाट दखामा."

मोठे साहेब हसले, पण मला ते झोंबलं. मग मी हट्टाला पेटलो. दर रविवारी घाट! हळूहळू समजत गेलं. दगड आला की हँडल घट्ट आवळायचं नाही, सैल धरायचं. घाबरलं की वेग कमी करायचा नाही, उलट थोडा वाढवायचा. सीटवर बसायचं नाही, पायांवर उभं राहायचं. गरम झाली की ती रुसते, मग तिच्याआधी आपणच सावली बघून थांबायचं.

आणि एका रविवारी मी माथ्यावर पोचलो, मागे पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वामन नव्हता! दहा मिनिटांनी तो घामाघूम होऊन वर आला. मी त्याची विडी पेटवून त्याच्या हातात दिली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो नोकरी लागल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

*

आता शेवटचा सांगतो. सुमन म्हणते हा किस्सा मी चारचौघांत सांगू नये, पण सांगतोच.

वैशाखात निरोप आला. नर्मदेकडच्या दोन गावांत बुळकांडी लागली होती आणि मधे फक्त रूपसिंगदादांचा पाडा होता. तो पाडा पडला की अख्ख्या डोंगराची गुरं जाणार. रूपसिंगदादा तिथले कारभारी, वयस्क माणूस, कधी घाई न करणारा. त्यांनी निरोपात एवढंच कळवलं होतं, "लवकर या."

सकाळच्या गाडीने बर्फ आला. मी नंदुरबार स्टेशनवरच लस थर्मासात भरली, वर बर्फ ठेचून घातला आणि निघालो. मागे वामन, त्याच्या पोटाशी थर्मास. तापी, तळोदा, घाट! कानात वारा आणि पाठीमागून वामनची एकच आरोळी, "हळू चला, साहेब!" आणि मधूनच, "जोरमा चला, साहेब, वाजी नही ऱ्हायना!" कारण थर्मासातला बर्फ खडखड वाजला की त्याला धीर यायचा आणि वाजायचा थांबला की त्याचा जीव जायचा.

पाडा मैलभर राहिला असेल. शेवटच्या नाल्यात पुढचं चाक दोन धोंड्यांमधे गेलं ते गेलंच. फटफटी आसापर्यंत झऱ्याच्या चिखलात. आम्ही दोघांनी ओढून पाहिली, ढिम्म हलेना. मी म्हटलं, जाऊ दे तिला, थर्मास उचल! आणि आम्ही ते मैलभर अंतर अक्षरशः पळालो.

पाड्यावर सगळी गुरं बांधून तयार होती. झाकण उघडलं, आणि आत बर्फ होता! बोराएवढे तुकडे, पण बर्फ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मग मी आणि वामन वाकलो ते उन्हं उतरेपर्यंत सरळ झालो नाही. गाय, बैल, कालवड, वासरू, एक म्हणून सोडलं नाही. बांधाआड कुणीतरी लपवलेला बैलसुद्धा वामनने हुडकून आणला. शेवटचं जनावर टोचून झालं आणि मी सगळ्या गावाला समोर बसवून दम भरला. टोचलेल्या जनावराला ताप येतो, म्हणून आठ दिवस कुणीही बैल जुंपायचा नाही. नांगराला नाही, गाडीला नाही, कशालाच नाही! जो जुंपेल त्याचा बैल मेला तर माझ्या दारात यायचं नाही. प्रत्येकाला आपापल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून कबूल करायला लावलं. पहिला हात रूपसिंगदादांनी ठेवला.

भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन आम्ही ताजेतवाने झालो. मी मोठ्या खुशीत म्हटलं, "दादा, काम फत्ते झालं! आता एकच करा. फटफटी नाल्यात फसली आहे. एक दणकट बैलजोडी द्या, म्हणजे ओढून काढतो."

रूपसिंगदादांनी गोठ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या गोठ्याकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. घरात ते पावरी बोलत, आमच्याशी बाजारातली अहिराणी.

"समदा बैल टोचेल शेतस, डॉक्टर."

मी विचारलं, "पण एखादी जोडी तरी राहिली असेल ना, दादा? न टोचलेली?"

दादा उठले, भिंतीला टेकवून ठेवलेलं जू खांद्यावर घेतलं, दोराचं वेटोळं हातात घेतलं आणि म्हणाले,

"न टोचेल एकच जोडी ऱ्हायनी. तुम्ही, आन हाऊ वामन. चला!"