मोर्चातलं स्थळ

नव्वदच्या दशकात शिकागोत इमिग्रंट्सच्या हक्कांसाठी मोर्चा निघाला, की आमच्या बिल्डिंगमधले काका सूट-टाय घालून माझ्या गाडीत हजर. "अन्यायाविरुद्ध उभं राहायलाच हवं," हे वाटभर मला ऐकवायचे. तिथे पोचल्यावर मात्र 'सर्वांना समान हक्क' हा आपला बोर्ड माझ्या हातात कोंबून ते मराठी पोरं शोधत फिरायचे. घरी लग्नाची मुलगी होती. घोषणा जरा थांबली की एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "एच-वन की ग्रीन कार्ड?" नुसता स्टुडंट निघाला, की काका पुढच्या रांगेत.

एकदा मनासारखा सापडला. इंजिनिअर, नागपूरचा, ग्रीन कार्डवाला. काकांनी त्याला रविवारी जेवायलाही बोलावलं. तेवढ्यात पोलिसांनी रस्ता मोकळा करायला सांगितलं. काही जण तिथेच बसले, त्यांत तोही. "काका, बसा ना," म्हणाला. काका लगबगीनं फुटपाथवर चढले. त्याला बेड्या घालून नेलं तेव्हा आम्ही ओरडत होतो आणि काका टाय सारखा करत होते.

परतताना सीटबेल्ट लावत हळहळले, "मुलगा चांगला होता रे. पण असल्या मोर्चांना जाणाऱ्याला मुलगी कशी द्यायची?"