यंदा नंबर परकारचाचांचा

दुसऱ्याचं देशप्रेम मोजायला तुमच्या खिशात कायम टेप असते. स्वतःचं मात्र तुम्ही अंदाजे सांगता! नाव घेत नाही. ज्याला लागेल त्याने खुशाल खिडकी लावून घ्यावी.

वाशीच्या आमच्या सोसायटीत या विषयाचे किस्से माळ्यावरच्या सामानासारखे साठलेत. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. मी नुकतीच बी. ए. झाले होते, नोकरी नव्हती आणि देश सुधारायची भयंकर घाई होती. त्यामुळे बहुतेक माझ्याच अंगावर पडले!

*

पहिल्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी कुणी मोठे साहेब बोलावले होते. ते इतक्या उशिरा आले की शिरा संपला, फुलं सुकली आणि मुलं शाळेतलं झेंडावंदन उरकून परतही आली.

तेव्हाच ठराव झाला. पाहुणा नाही. फ्लॅटच्या नंबराप्रमाणे दरवर्षी एका घराने झेंडा फडकवायचा. ठराव मांडला सेक्रेटरी साठेकाकांनी. टाळ्या पडल्या.

नंबर सरकत सरकत सगळ्यांकडेच येतो, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नसावं!

*

आमच्या शेजारी परकारचाचा. मूळचे उरणकडच्या मोऱ्याचे, सगळी हयात मालवाहू बोटींवर गेलेली. शेवटच्या बोटीचा मालक ग्रीक आणि काठीवर झेंडा पनामाचा.

"म्हणजे परक्या झेंड्याखाली नोकरी!" साठेकाकांनी एकदा गच्चीवर पकडलंच.

"काय करनार? पनामा कुटं हाय ते आमच्या कप्तानाला पन नीट म्हाइत नव्हतं."

"ते असो. पण बोटीवर तुमची निष्ठा कुणाशी?"

"भंडाऱ्याशी," चाचा शांतपणे म्हणाले. "जेवान तोच रांधायचा!"

*

आखातातून आणलेला मोठा कलर टीव्ही फक्त चाचांकडे. साहजिकच भारत-पाकिस्तान मॅच त्यांच्याच हॉलमध्ये, चहाही त्यांचाच. साठेकाका मुद्दाम कोपऱ्यातली खुर्ची पकडायचे. आपली विकेट पडली की सगळे टीव्हीकडे बघून हळहळायचे आणि साठेकाका चाचांच्या चेहऱ्याकडे!

चौथ्या विकेटला चाचांनी मान वळवली.

"साठे, मॅच तिकडं हाय. माज्या तोंडावर रिप्ले नाय दाखवत!"

*

समोरच्या कुलकर्णीकाकांचा मंदार न्यू जर्सीला. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा कुलकर्णीकाकांनी सोसायटीभर पेढे वाटले. "पासपोर्ट बदलला, मनाने इकडचाच आहे हो!" साठेकाकांनी दोन पेढे घेतले.

पुढे मंदार सुट्टीवर आला. गच्चीवर सगळे बसलेले असताना त्याने भाषणच ठोकलं. "इंडियाने ड्युअल सिटिझनशिप द्यायलाच हवी. एका पासपोर्टमध्ये माणसाची आयडेंटिटी बसत नाही!"

"माजा येकच हाय," चाचा म्हणाले. "पन दाखवायला रोज मलाच लागतो."

मी जोरात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच! घरी आल्यावर आई म्हणाली, "तुझं लग्न कसं जमायचं गं!"

*

आणि मग आलं स्वातंत्र्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. नंबर परकारचाचांचा!

जुलैपासूनच चाचांची गॅलरी बघण्यासारखी झाली. कपड्यांच्या दोरीला टॉवेलची पुरचुंडी, आत झेंडूच्या पाकळ्या. चाचा झटका द्यायचे, टॉवेल उलगडायचा, पाकळ्या पडायच्या आणि चाचा लुंगीत सावधान!

आतून चाची ओरडायच्या, "अवो ॲडमिरल, झाडू कोन मारनार?"

*

ऑगस्ट उजाडला आणि साठेकाकांनी मीटिंग बोलावली.

"यंदा प्रसंग मोठा आहे. एक अपवाद करू. मंदार येतोय, त्याच्या हस्ते होऊ दे."

"काका, मंदारने दुसऱ्या झेंड्यासमोर निष्ठेची शपथ घेतलीय! परदेशी नागरिक आहे तो!" मी उसळले.

"तू यात राजकारण आणू नकोस."

"मग चाचांचं काय चुकलं ते सांगा!"

"चुकलं कोण म्हणतंय? उगाच कुणाला बोलायला जागा नको, एवढंच."

"राहू द्या, राहू द्या," चाचा जमिनीकडे बघत म्हणाले. "माजे गुडगे दुखतात."

रोज संध्याकाळी सावधान उभ्या राहणाऱ्या माणसाचे गुडघे! मी मतदान मागितलं. आणि मंदारच्या बाजूने पहिला हात वर गेला तो चाचांचाच! मी तो धरून खाली ओढला.

"चाचा, तुमचं मत बाद!"

"बाद कसं? नागरिक हाय मी!"

शेवटी नंबरच जिंकला. न्यायाच्या प्रेमाने नव्हे; आज यांचा चुकवला तर उद्या आपलाही चुकेल, एवढं लोकांना कळलं. चालेल! न्याय मागच्या दाराने आला तरी मी त्याला चहा देते.

*

पंधरा ऑगस्ट. चाचा क्रीम रंगाच्या शेरवानीत, दाढी नीट कोरलेली. दोरीला हात लावण्याआधी त्यांनी तो रुमालाने दोनदा पुसला. एकच झटका! झेंडा उलगडला, पाकळ्या थेट साठेकाकांच्या टकलावर.

राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही सगळे ताठ, हात मांडीला चिकटलेले. पहिल्या रांगेत नव्या खादीच्या झब्ब्यात मंदार. आणि त्याचा उजवा हात आपोआप वर उठला आणि छातीवर, डाव्या बाजूला, जाऊन बसला.

तिकडच्या राष्ट्रगीताची सवय!

राष्ट्रगीत संपलं. हात तिथेच. मग मंदारने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि त्याला घाम फुटला. कुलकर्णीकाका चपलांकडे बघायला लागले. साठेकाका त्या हाताकडे बघत होते, तोंड अर्धवट उघडं. एवढी वर्षं साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

तेवढ्यात सांदणांची थाळी घेऊन चाची मधे आल्या. त्यांनी मंदारकडे काळजीने बघितलं.

"काय रे बाबा, छातीत जळजळतं काय? उपाशीपोटी उबा राह्यलास ना? चल, आदी खाऊन घे."