वेढा पाच रविवार चालला

माझी लेक नर्स. तीन वर्षांच्या करारावर माल्टाला गेली. ते बेट कुठं आहे, हे सोलापुरात आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे हे शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, तेसुद्धा भिंग घेऊन नकाशात शोधत बसले. मी आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधत होते.

दर रविवारी चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिसरं वर्ष लागलं तसा ह्यांनी त्या बेटाचा इतिहासच काढला. आणि हे काय विचारायचे? "मग, रोमनांच्या नंतर कोण आलं?" मी मागून म्हणायचे, "अहो, पोरगी जेवली का ते विचारा की." हे हात हलवून मला गप्प करायचे. एका रविवारी अरब, पुढच्या रविवारी नॉर्मन. तुर्कांनी किल्ल्यांना वेढा घातला, तो तर पाच रविवार चालला. त्या मेल्या वेढ्याचा मला लई राग यायचा.

मग फ्रेंच आले. त्यांना हाकलायला लोकांनी इंग्रजांना बोलावलं, आणि इंग्रज तिथंच ठाण मांडून बसले. "आगीतून फुफाट्यात," हे म्हणाले. त्या दिवशी चहा मात्र तसाच ठेवला.

"इंग्रज गेले की संपलंच," मला म्हणाले.

"मग विचारा की तिला, कधी येतीस म्हणून. तीन वर्षं भरत आली."

"नको. आपण विचारलं की ती रडती."

इंग्रज जायच्या आधी हेच गेले. झोपेत, दुपारी. लेकीला यायला जमलं नाही. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. माझ्या भावानं मोबाईल धरला होता. कपाळाला विभूती, मांडी घातलेली, मान जरा पुढं. रविवारी फोनसमोर बसायचे तसेच दिसत होते. तिकडून ती एवढंच म्हणाली, "अव्वा, आप्पांची मान सरळ करा." नर्स की ती.

पुढच्या रविवारी चारला फोन वाजला. मी त्यांच्या खुर्चीत बसले.

"अव्वा," ती म्हणाली, "तो वेढा एका रविवारात सांगून झाला असता. मीच लांबवला. अजून दोन वर्षांच्या करारावर सही करून बसले होते. सगळं सांगून संपलं की आप्पा विचारणार, कधी येतीस. मला सांगायचा धीर होईना."

मला दोघांचा संताप आला. बाप विचारत नाही, लेक सांगत नाही, आणि मी येडी वेढ्यावर चिडत बसले. तिला चांगलं फैलावर घ्यावं असं वाटलं. पण ती फोन ठेवेल, याची भीती वाटली.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"अजून नाही."

"बरं. मग ते इंग्रज कसे गेले, सांग. सावकाश सांग."