तार्मो रोज सकाळी येऊन जातो

सायला आणि मी कितीतरी वर्षं शेजारी बसतोय, पण तिचा कशावर पटकन विश्वास बसलाय असं मला आठवत नाही. कुलूप लावलं की ओढून बघणार. कॉफी ताजी आहे म्हटलं तरी वास घेणार. "बाई गं, नवऱ्यावर तरी विश्वास आहे का?" असं मी विचारलं की म्हणायची, "त्याचीही टेस्ट चालूच आहे, तुओवी."

काम तिला अगदी शोभेसं. कुओपिओ शहरातली आमची छोटीशी कंपनी, आणि साइट कुटुंबांसाठी. लांब राहणाऱ्या घरच्यांनी फोटो टाकायचे, दोन शब्द लिहायचे. नावाखाली तो माणूस शेवटचा कधी आला होता ते दिसतं. लॉगिन नीट चालतंय ना, हे बघणारी टेस्ट सायलाने लिहिली होती. रोज सकाळी, सुट्टी असो नसो, ऑफिस भरायच्या आत यंत्र स्वतःच ब्राउझर उघडायचं, आधी चुकीचा पासवर्ड देऊन हाकलतात ना ते बघायचं, मग खरा देऊन आत जायचं आणि लगेच बाहेर पडायचं. सगळं जमलं की आमच्या पडद्यावर हिरवी खूण.

एप्रिलात तिचा थोरला भाऊ तार्मो मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ फुटून पाण्यात गेला. त्याची बर्फावरची ढकलगाडी सापडली, तो नाही. बर्फ वितळला, तळं मोकळं झालं, तरी नाही. शेवटी नातेवाईक म्हणाले, निदान चर्चमध्ये त्याला निरोप देऊ. तर आईने, हिल्काबाईंनी, पाद्र्याला दारातूनच परत पाठवलं.

"तार्मो मेलेला नाही. रोज सकाळी येऊन जातो तो."

"आईचं डोकं फिरलं," सायला मला म्हणाली. मग जूनमधल्या एका रविवारी आईने तिच्या पुढ्यात टॅब्लेट ठेवला. तार्मोच्या नावाखाली लिहिलेलं होतं: आज सकाळी आले होते.

सायलाच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि मला सांगताना ती शरमली, पण खरं ते सांगितलं: कशावरही विश्वास न ठेवणारी ही बाई त्या दिवशी विश्वास ठेवून बसली. तिथेच तिने त्याला लिहिलं, "दादा, कुठे आहेस?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. तिचा निरोप वाचलाच नाही. आला आणि गेला.

ऑफिसात आली ती पांढरीफटक. खुर्चीत बसली, स्वतःची टेस्ट उघडली आणि तोंडावर हात धरला. साइट नवी होती तेव्हा टेस्टसाठी घाईत एक चालू खातं हवं होतं, म्हणून तिने भावाला फोन केला होता. तो म्हणाला होता, "माझंच घे की, मी कुठे बघतोय ते?" तात्पुरतं म्हणून घातलेलं नाव तिथेच राहिलं. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणून केलेलं कधी कुणी काढलंय?

"अगं, मग बदल ना नाव! एका मिनिटाचं काम," मी म्हटलं.

"आणि उद्या आई बघेल, तार्मो आला नाही. परवाही नाही." ती माझ्यावर खेकसली. "तो तळ्यात मेला, तुओवी. आईसाठी तो माझ्या हातून मरेल. तेवढा एक आधार आहे तिला."

मला राग आला होता, पण मीही गप्प बसले. उन्हाळा तसाच गेला. रोज सकाळी हिरवी खूण यायची आणि सायला पडद्याकडे पाठ फिरवून पिशवी ठेवायची. मलाही ती खूण बघवेना. मेलेला माणूस आमच्यासाठी रोज दार उघडतोय, आणि आम्ही म्हणतोय, ठीक चाललंय.

सप्टेंबरात हिल्काबाईंनी तार्मोची खोली रंगवायला काढली. तेव्हा मात्र सायलाचा धीर सुटला. तिने टेस्टमधलं नाव काढलं आणि मला म्हणाली, "सोबत चल. एकटीने नाही जमायचं."

हिल्काबाईंनी वेलदोड्याचे पाव पुढे ठेवले. सायलाने सगळं सांगितलं. यंत्र, नाव, पासवर्ड, घाई. म्हातारी हलली नाही. आता आकाश कोसळणार असं मला वाटलं.

"म्हणजे तो येत नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मग तो गप्प होता, तो रागावून नव्हे?"

"कसला राग?"

"तो त्या दिवशी नको म्हणत होता. बर्फ पातळ झालाय म्हणाला. मीच टोमणा मारला, तुझा बाप मे महिन्यातसुद्धा जायचा." त्यांनी पावाची बशी बाजूला सारली. "मला वाटलं, कुठेतरी जिवंत आहे. रोज येतो, मी लिहिलेलं बघतही नाही, तसाच निघून जातो. एवढं चिडलंय माझं पोर."

त्या रडायला लागल्या. सायला उठून त्यांच्यापाशी जाऊन बसली, त्यांचा हात धरून.

"तुला कधी कळलं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

सायलाने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे.

"जूनमध्ये," ती म्हणाली.

हिल्काबाईंनी तिचा हात सोडला.

"सगळा उन्हाळा मी त्याची माफी मागत होते गं," त्या म्हणाल्या.